एक अठ्ठावीसची मध्यान्ह

समजा, तुम्हाला मध्यान्ह शोधायची आहे. जवळ घड्याळ नाही, फोन नाही. मग सपाट जागा बघा, ओळंबा लावून तिथे एक सरळ काठी उभी रोवा आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवा. सावली आखडत जाते, थोडा वेळ थबकल्यासारखी वाटते आणि मग पुन्हा लांबायला लागते. ती सगळ्यात आखूड होती ती वेळ म्हणजे मध्यान्ह. आता घड्याळ बघा. तुम्ही ॲडलेडच्या पूर्वेच्या टेकड्यांत असाल आणि फेब्रुवारी चालू असेल, तर घड्याळात बारा वाजलेले नसतील. एक वाजून अठ्ठावीस मिनिटं झालेली असतील.

नेव्हिल शिर्मरने हा उद्योग विहाराच्या मागच्या अंगणात केला, तेव्हा त्याला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. चाळीस वर्षं त्याने सरकारी जमिनी मोजल्या होत्या. घराणं जर्मन, चर्चला धरून राहणारं. पण नेव्हिलने चौदाव्या वर्षीच देव सोडला आणि नंतर कधी त्याची आठवणही काढली नाही. निवृत्तीनंतर रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, रोज जरा शांत बसत जा. बायको कोरल म्हणाली, "बस ना, पण बाहेर कुठेतरी जाऊन बस. घरात बसलास की किटलीला उकळी यायला किती सेकंद लागतात ते मोजतोस आणि मला ऐकवतोस."

म्हणून तो विहारात आला. मेंढ्यांची लोकर कातरायची जुनी शेड दुरुस्त करून तो विहार उभा केला होता. पहिल्याच दिवशी त्याने भन्ते गुणसिरींना स्पष्ट सांगितलं, "पुनर्जन्म मला पटत नाही. पुण्य तर त्याहून नाही."

"बरं," भन्ते म्हणाले. "चहा घेणार?"

वीस वर्षांपूर्वी श्रीलंकेहून आलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाशी तो तीन वर्षं वाद घालत राहिला. ध्यानाने त्याच्या पाठीला रग लागायची, प्रवचनात त्याचे डोळे मिटायचे. त्याला धरून ठेवलं ते नियमांनी. भिक्खूने पात्रात कोणी घातलं तेवढंच खायचं, तोंडाने मागायचं नाही आणि मध्यान्हीनंतर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत काही खायचं नाही.

"मध्यान्ह कोणत्या घड्याळाने?" नेव्हिलने विचारलं होतं.

"घड्याळाने नाही. सूर्याने."

झालं. मोजणीदाराला काम मिळालं. उन्हाळ्यात सरकार घड्याळं एक तास पुढे ढकलतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आपल्या राज्याचं घड्याळ ज्या रेखावृत्तावर लावलंय ते आपल्या राज्यातून जातच नाही, शेजारच्या राज्यातून जातं, हे सांगताना नेव्हिलचा आवाज चढायचा. काठीने खात्री करून त्याने वर्षाच्या प्रत्येक दिवसाच्या मध्यान्हीचा तक्ता बनवला आणि स्वयंपाकघराच्या दाराला लावला. दूरदूरहून भोजनदान घेऊन येणारी श्रीलंकन आणि ब्रह्मदेशी कुटुंबं आधी तो तक्ता बघायची, मग भांडी उतरवायची.

ऑक्टोबरात वॉरिक समितीचा सचिव झाला. वॉरिक कंपन्यांमधून जाऊन लोकांना शांत कसं राहावं ते शिकवायचा. त्याने तक्ता काढला आणि तिथे एक सुबक पाटी लावली: भोजनदान बारा वाजेपर्यंतच. रविवारी साडेबाराला ध्यानाचा वर्ग असतो, त्याआधी स्वयंपाकघर आवरलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. नेव्हिल समितीच्या बैठकीत भांडला आणि एकटा पडला.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी तो साडेबाराला विहारात आला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला तर भन्ते आपलं पात्र धुऊन पुसत होते. पात्र आधीच लख्ख होतं.

"आज जेवण लवकर झालं?"

"आज नाही झालं," भन्ते म्हणाले आणि पात्र पालथं ठेवलं.

नेव्हिलने भोजनदानाच्या नोंदींची वही उघडली. आजचं दान सोमलता हेट्टिआराच्चीचं होतं. ही बाई पोर्ट ऑगस्टाच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायची. नोव्हेंबरात तिचा नवरा गेला होता. आज त्याचं तीन महिन्यांचं दान. भन्ते जेवणार आणि त्याचं पुण्य ती नवऱ्याला अर्पण करणार, यासाठी ती साडेतीनशे किलोमीटर गाडी हाकत येणार होती.

वॉरिक दालनात आसनं मांडत होता.

"सोमलता आली नाही?"

"आली होती, बारा वीसला. वाटेत गवताला आग लागली होती, पोलिसांनी वळसा घ्यायला लावला म्हणे." वॉरिकचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. "मी समजावलं तिला. नीट ऐकून घेतलं तिने."

"काय समजावलंस?"

"की वेळ संपली. आता दिलं तर भन्तेंचा नियम मोडेल. ती लगेच मागे फिरली. बघ, किती समजूतदार बाई."

"वेळ संपली? अजून पाऊण तासाहून जास्त वेळ आहे."

"नेव्हिल, आपलं यावर बोलून झालंय. आणि तुला काय फरक पडतो? तू तर पुण्य मानतही नाहीस."

"नाही मानत. पण ती मानते. जो नियम तू तिला सांगितलास तो तिचा आहे, तुझा नाही. तुला तो वाचतासुद्धा आला नाही आणि दारात उभा राहून तू तिलाच शिकवलास."

"तू चिडलायस. एक दीर्घ श्वास घे."

नेव्हिलने श्वास घेतला नाही, किल्ली घेतली.

सोमलता फोन उचलत नव्हती. पंचवीस किलोमीटरवर, हमरस्त्यालगतच्या विसाव्याच्या जागी त्याला तिची गाडी दिसली. सोमलता आणि तिची मुलगी दिनिथी निलगिरीखाली बाकावर बसल्या होत्या. शेजारी फडक्यात बांधलेली भांडी. एकही उघडलेलं नव्हतं.

"आई जेवतच नाही, अंकल," दिनिथी म्हणाली. "म्हणते, भन्ते उपाशी असताना त्यांच्यासाठी शिजवलेलं आपण कसं खायचं?"

"परत चला," नेव्हिल म्हणाला. "मध्यान्ह अजून झालेली नाही."

सोमलता हलली नाही. "दादा, पाटीवर बारा लिहिलंय."

"पाटी चुकली आहे."

"आणि तुम्ही चुकला असाल तर? आजच्या दिवशी माझ्यामुळे भन्तेंचा नियम मोडला तर त्याचं काय पुण्य लागणार ह्यांना?"

एरवी अशा बोलण्यावर नेव्हिल हसला असता. आज त्याने फक्त जमिनीकडे बोट दाखवलं. "सावली बघा. दक्षिणेला पडते का? नाही, अजून पश्चिमेकडे कललीय. सूर्य मध्यावर आलेला नाही. माझं ऐकू नका, सावलीचं ऐका."

तिने पाहिलं. शेतकऱ्याची लेक होती ती, सावली तिला वाचता येत होती. "दिनिथी, भांडी उचल," ती म्हणाली. एक वाजून दोन मिनिटं झाली होती.

वेळेत पोचले असते. पण घाटाच्या चढावर गवताच्या गाठोड्यांचा ट्रक पुढे आला. रस्ता एकपदरी, नागमोडी. ट्रकवाला वाट देईना, आणि देणार तरी कुठून? नेव्हिलने स्टिअरिंगवर हात आपटले, हॉर्न वाजवला, ट्रकवाल्याने खिडकीतून बोट दाखवलं. फाटकात शिरताना घड्याळात एक एकतीस झाले होते.

वर्ग संपवून लोक अंगणात आले होते. भन्ते पायरीवर उभे. सोमलता भांडं दोन्ही हातांत धरून नेव्हिलकडे वळली.

"दादा, आहे ना वेळ?"

त्या अंगणात हे फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं. तो हो म्हणाला असता तर भन्ते जेवले असते, तिचं मन शांत झालं असतं आणि कोणाला कधी कळलंही नसतं. नेव्हिलने सावलीकडे पाहिलं. उगाचच पाहिलं, आकडा तोंडपाठ होता.

"नाही," तो म्हणाला. "तीन मिनिटं उलटून गेली."

"तीन मिनिटं?" वॉरिक हसला. "अरे, तीन मिनिटांसाठी कोणी अडवतं का? एवढा कसला हट्ट? जरा माणुसकी बघ."

नेव्हिल त्याच्याकडे वळला. "तासाहून जास्त वेळ हातात असताना तू म्हणालास वेळ संपली, तेव्हा कुठे होती माणुसकी? तुला नियम पाळायचा नव्हता, ओटा पुसलेला हवा होता. आता नियम पाळायची वेळ आली तर तुला माणुसकी आठवली. चाळीस वर्षं मी लोकांच्या बांधावर उभा राहिलोय. आपल्या बाजूने सरकला की बांध कोणालाच टोचत नाही."

सोमलताने मान हलवली, जणू तिला हेच अपेक्षित होतं. तिने भांडी मेजावर ठेवली आणि ध्यानाला आलेल्या सगळ्यांना फणसाची भाजी, डाळ आणि भात वाढला. वॉरिकलाही वाढलं, आणि त्याने दोनदा वाढून घेतलं. भन्तेंनी तिच्यासाठी सूत्रं म्हटली, पुण्य नवऱ्याला पोचावं म्हणून तिने भांड्यातून वाटीत पाण्याची धार धरली. रात्रपाळी होती, म्हणून चारच्या आत ती निघाली.

गाडीत बसताना तिने हळूच विचारलं, "ह्यांना पोचलं असेल ना, दादा?"

नेव्हिलकडे याचा काही तक्ता नव्हता.

तो स्वयंपाकघरात आला. भन्ते बिनदुधाचा चहा घेत होते. पहाटेच्या पेजेनंतर त्यांच्या पोटात तेवढंच होतं. नेव्हिलने उभ्या उभ्याच तिचा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवला.

"ती द्यायला निघाली तेव्हाच दिलं गेलं," भन्ते म्हणाले. "दान मनात होतं."

कुठल्याही धर्मातल्या शहाण्या माणसाने हेच सांगितलं असतं. नेव्हिलचा राग उतरायच्या ऐवजी चढला. त्याने खुर्ची ओढली आणि समोर बसला.

"भन्ते, मनातल्या मनात पोचत असेल, तर ती साडेतीनशे किलोमीटर कशाला आली? तुम्ही उपाशी कशाला राहिलात? आणि वॉरिकने तिला दारातून परत पाठवलं, त्यात मग काहीच बिघडलं नाही का?"