वऱ्हाड कोणत्या रकान्यात?

ट्रेनिंग शाळेत आम्हांला एक मंत्र घोटून घोटून पाजला होता: शिकवताना ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. मुलाला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करा, मग त्याला दूरच्या गोष्टीकडे न्या. नदी शिकवायची तर आधी गावचा नाला, मग गंगा. या मंत्राने माझा असा घात केला की अजूनही ते शब्द कानावर पडले की माझं डोकं फिरतं.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. अमरावतीला ट्रेनिंगचं माझं शेवटचं वर्ष होतं. नागपूरहून आलेल्या परीक्षकांसमोर अंतिम पाठ द्यायचा होता. तो पास झाला तर अकोल्याच्या एका शाळेत मास्तरकी मिळणार होती. तिथल्या हेडमास्तरांनी जागा माझ्यासाठी अडवून धरली होती, पण किती दिवस धरणार? घरी वडील अंथरुणाला खिळलेले. नोकरी मला हवी होती असं नव्हे, ती लागलीच पाहिजे होती.

पाठाचा विषय निघाला ‘जगातील राज्यपद्धती’. मी खूश झालो. फळ्यावर तीन रकाने आखायचे ठरवले: राजाचं राज्य, राजा असून पार्लमेंटचं राज्य, आणि नुसतं लोकांचं राज्य. स्वित्झर्लंडच्या डोंगरांत काही ठिकाणी गावोगावचे पुरुष मैदानात जमून स्वतःच कायदे करतात, हे वाचून तर मी हरखूनच गेलो होतो. आपणही चिखलदऱ्याच्या पठारावर असं जमावं, असले खुळे विचार मनात येत.

मग पाठाचं टाचण लिहायला बसलो. मंत्राप्रमाणे पहिला प्रश्न लिहिला, ‘आपण कोणाच्या राज्यात राहतो?’ आणि मीच अडलो. उत्तर विचारायला ओळखीच्या एका वकिलांकडे गेलो.

“वऱ्हाडची जमीन निजामाची, कायमचा भाडेपट्टा इंग्रजाचा अन् कारभार नागपूरचा,” वकील म्हणाले. “आपण मतं देऊन निवडलेला माणूससुद्धा कौन्सिलात निवडलेला म्हणून बसत नाही. वऱ्हाड कायद्यानं इंग्रजी मुलूखच नाही ना! म्हणून निवडणूक झाली की गव्हर्नर त्याच माणसाला आपल्या सहीनं नेमतात.”

“मग आपण कोणाची प्रजा?”

“ते तू पाठात काढू नकोस म्हणजे झालं,” असं म्हणून ते हसले. मला मात्र हसू आलं नाही. साऱ्या जगाला रकाना आहे आणि आम्हांलाच नाही, याचा मला भयंकर संताप आला होता.

पाठाच्या दिवशी सहावीचा वर्ग समोर होता आणि मागच्या बाकावर परीक्षक. मी पहिला प्रश्न टाकला.

“इंग्रजाच्या!” एक म्हणाला.

“निजामाच्या! त्याच्या वाढदिवसाले त्याचा झेंडा लागते अन् तोफा उडतात.”

“नागपूरच्या लाटसाहेबाच्या!”

तिघेही बरोबर होते. कोणाला खाली बसवू? मी वकिलांनी सांगितलेलं सगळं, निवडून पुन्हा नेमण्यासकट, वर्गाला सांगून टाकलं. तेव्हा हिवरखेडचा एक मुलगा उठला. शेतकऱ्याचा मुलगा, शिकायला मामाकडे राहिलेला.

“मास्तर, आमचा बाप बैलाची दमणी जुंपून अकोटले गेला होता मत द्याले. साहेबालेच नेमाचं होतं, तं मंग त्याले कावून बलावलं?”

मलाही हाच प्रश्न पडला होता. मी सरळ म्हणालो, “मला माहीत नाही.”

परीक्षक उठले. “तुम्हांला जगाबद्दल शिकवायला सांगितलं होतं,” एवढंच बोलून त्यांनी वही मिटली. इंग्लंड-अमेरिका राहिले बाजूला, फळ्यावरचे रकाने कोरेच राहिले आणि मी नापास झालो.

महिन्याभरानं तोच पाठ पुन्हा द्यायची परवानगी मिळाली. वर्ग तोच, परीक्षकही तेच. या वेळी मी इंग्लंडच्या राजापासून सुरुवात केली. मुलांना तो कुठून ठाऊक असणार? पण तेच ज्ञात आहे असं मी धरून चाललो. रकाने भरभर भरले. वऱ्हाडाचं नाव मी तोंडातून निघू दिलं नाही. पाठभर माझी नजर त्या हिवरखेडच्या मुलावर होती. हा उठला की मी संपलो, एवढीच धास्ती. शेवटी परीक्षकांनीच वर्गाला विचारलं, “कोणाला काही शंका?”

मुलगा हाताची घडी घालून, समोर बघत बसून राहिला. कोणीच उठलं नाही. परीक्षक खूश दिसले.

फळा पुसून बाहेर आलो तर तो व्हरांड्यात माझी वाट पाहत उभा होता.

“आता पास करतीन न तुमाले, मास्तर?” त्यानं विचारलं.

“बहुतेक करतील.”

“मले शंका होती,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “अजून बी हाये. पन मी इचारली नाही.”

मला त्याच्याकडे बघवेना. तो मात्र चांगलं काम केल्यासारखा, शाबासकीची वाट पाहत उभा होता. आणि मी त्याला ती दिली.