फीतसरांचं यंत्र

तीन ऑगस्टला विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेला अठरा लाख बासष्ट हजार चारशे रुपये मिळाले. विद्यार्थ्यांचं शिकणं समृद्ध व्हावं, त्यांनी स्वतःच्या हातांनी काही घडवावं, यासाठी. आणि सोपवले कुणाकडे, तर फीतसरांकडे. उभ्या नोकरीत या प्राध्यापकांच्या हाताला वंगणाचा डाग लागला नव्हता. घरचा नळ गळला तरी हे पावसाळी तोंड करून प्लंबरची वाट बघत बसायचे. उद्घाटन मात्र कसलंही असो, अगदी पाण्याच्या टाकीचं, फीत धरायला हे पुढे. मुलांनी त्यावरून नाव पाडलं. ते नाव त्यांना शोभलं.

निवृत्तीआधी एकदा अधिष्ठाता व्हायचं, एवढंच सरांच्या डोक्यात होतं. विद्यापीठाची समिती जानेवारीत येणार, तिचं मत चांगलं पडलं की खुर्ची आपली. तोवर या पैशांतून घेतलेलं यंत्र नवंकोरं दिसायला हवं. धातू कोरणारं, संगणकावर चालणारं ते धूड आलं, तेव्हा ते बसवून द्यायला कंपनीचा माणूस येणार होता. सरांनी त्याला परस्पर थांबवलं. तो आला की वॉरंटी सुरू होणार आणि मुलं हात लावणार. वायरमनकडून नुसती वीज जोडून घेतली, यंत्राचे दिवे लागले, प्रयोगशाळेला कुलूप. मुलांनी काचेतून बघायचं. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला प्रकल्पासाठी एक भाग कोरून हवा होता. ती पुन्हा पुन्हा यायची आणि सर तिला "आधी बघायला शीक" म्हणून वाटेला लावायचे.

घरी तीच तऱ्हा. "अहो, सोफ्याचं प्लास्टिक काढलंत तोवर आतल्या स्प्रिंगा गेल्या होत्या," बायको म्हणाली. "मुलांनाही वेष्टनच दाखवणार का?"

सरांना टोमणा कळलाच नाही. सोफा दिसायला अजून छान होता.

समिती आली त्या सकाळी सरांनी यंत्राचं दार उघडून आतल्या दोन लाल लोखंडी पट्ट्यांना रेशमी फीत बांधली. प्रवासात आतले भाग हलू नयेत म्हणून कारखाना त्या पट्ट्या आवळून पाठवतो आणि यंत्र बसवणारा त्या आधी काढतो. सरांना त्या शोभेच्या वाटल्या. मुलांना पांढरे कोट चढवून ओळीत उभं केलं होतं. अध्यक्षबाईंनी फितीकडे पाहिलंही नाही. चालवून दाखवा, म्हणाल्या.

ती मुलगी हळूच पुढे झाली. "सर, या लाल पट्ट्या काढायच्यात. त्यांच्यावरच लिहिलंय."

"हात लावू नकोस. फीत बांधलीय तिथं."

आणि सरांनी ऐटीत बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं, हिसका बसला, आत काहीतरी कडाडलं आणि जळका वास सुटला. फीत तेवढी जागच्या जागी.

अध्यक्षबाई मुलीकडे वळल्या. या यंत्रावर तू काय केलंस, त्यांनी विचारलं.

"बघितलं, मॅडम."

सरांचा चेहरा पडला, पण तेवढ्यातही त्यांनी खिशातला रुमाल काढून यंत्रावरचे बोटांचे ठसे पुसले.

अधिष्ठातापद दुसऱ्याच विभागप्रमुखांकडे गेलं. पट्ट्या न काढता चालवलं म्हणून कंपनीनं फुकट दुरुस्ती नाकारली. मुलीनं तिचा भाग बाहेरच्या कारखान्यातून करून घेतला. सर निवृत्त झाले. यंत्र काचेआड आहे, चकचकीत.

फीतवाल्याचे साठ रुपये अजून द्यायचे आहेत.