फुगायला जागा

कुठल्याही इंजिनाजवळ गेले की मिस्त्री आधी हाताची मागची बाजू त्याला टेकवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळाला आई लावते तशी. मग म्हणायचे, "आधी पाणी, मग चावी." पाणी पाहिल्याशिवाय त्यांनी कधी यंत्र सुरू केलं नाही. आमच्या अध्यक्षांच्या मुलाच्या लग्नात नवरदेवाची जीप सजून उभी, वाजंत्री जोरात, आणि हे बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये डोकावताहेत. मुहूर्त थांबला, मिस्त्रींचं डोकावणं थांबलं नाही.

धारूरजवळच्या आमच्या गावात सोसायटीचं अवजार केंद्र होतं. मी सोसायटीचा सचिव, म्हणजे शिव्या खाण्याची अधिकृत जागा. मिस्त्री केंद्रातले ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रं सांभाळायचे. स्वतःची स्तुती करण्यात त्यांना संकोच नव्हता. "बालाघाटात माझ्यासारखा कान कुणाला न्हाई," हे ते तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगत, आणि तुम्ही विसरला असाल म्हणून दुसऱ्या भेटीतही.

त्या वर्षी पोळ्यानंतर पावसाने तोंड दाखवलं नाही. विहिरी तळाला गेल्या, गावात टँकर सुरू झाला. शिवारात तग धरून होती ती एकटी तूर. ती फुलात आली आणि तिच्यावर अळी पडली. पाठीवरच्या पंपाने फवारायचं तर तेवढं पाणी आणायचं कुठून? तेव्हा एका कंपनीने सोसायटीला हंगामापुरता ड्रोन चाचणीसाठी दिला, सोबत तो उडवणारा पायलटही. पेट्रोलच्या इंजिनावर उडणारा, आणि थोड्या पाण्यात बरंच रान फवारणारा. विजेचा भरवसा नसलेल्या गावाला तो बॅटरीवाल्यापेक्षा बरा. इंजिन थंड ठेवायला त्याला ताटलीएवढा रेडिएटर होता, बारीक नळ्या होत्या, आणि हिरव्या कूलंटची एक छोटी पांढरी टाकी.

मिस्त्रींचा जीव स्वतःच्या रानातल्या तुरीत अडकला होता. मुलगा आणि सून दर दिवाळीनंतर ऊस तोडायला जात, आणि नातीची शाळा अर्ध्यावर सुटे. या वेळी सून म्हणाली होती, "मामा, तूर हाती लागली तर औंदा कोयता उचलायचा न्हाई."

मिस्त्री "बघू" म्हणाले नव्हते. "न्हाई उचलायचा," म्हणाले होते. शब्द देऊन बसले होते बिचारे.

पहिल्या दिवशी ड्रोन छान उडला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी वरून फुस्स आवाज आला, हिरवा फवारा उडाला, आणि तो धापा टाकत तुरीत जाऊन बसला. सगळे सभासद कंपनीच्या पायलटवर तुटून पडले. "उडवायला आलात का पाडायला?" कुणीतरी ओरडलं. पायलटने झाकण उघडलं. दाबाने एक नळी निसटली होती.

"टाकी कोणी भरली?" त्याने विचारलं.

"म्या भरली. गळ्यापर्यंत," मिस्त्री म्हणाले.

टाकीवर एक रेघ होती. तिथवरच भरायचं, कारण कूलंट तापलं की फुगतं आणि वरची जागा त्याच्यासाठी असते. रेघ मिस्त्रींना दिसली नव्हती असं नाही. पण आमच्या गावात टँकर आला की घागर, बादली, तांब्या, कढईसुद्धा काठोकाठ भरतात. दुष्काळात भांडं अर्धवट सोडायचं, हे आमच्या हातांना जमतच नाही. मी भरलं असतं तरी गळ्यापर्यंतच भरलं असतं.

"पायलटला बोलू नका," मिस्त्री म्हणाले. "कान माझा, डोळे माझे, अन् चूकबी माझीच." एवढा फुशारक्या मारणारा माणूस सगळ्यांसमोर हे म्हणाला, तेव्हा मला त्यांचा फार अभिमान वाटला. सून गर्दीतच उभी होती. ती तुरीकडे बघत राहिली.

पायलटने नळी बसवली. दाट कूलंट त्याच्याकडे होतं, पण त्यात मिसळायला शुद्ध पाणी हवं. आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं, की त्या बारीक नळ्या चार दिवसांत बुजल्या असत्या. बॅटरीत घालायचं पाणी चालेल, असं तो म्हणाला. मी आणि मिस्त्री मोटरसायकलने धारूरला गेलो, तर दुकानातलं संपलेलं. परवा येईल म्हणे. अळी परवापर्यंत थोडीच थांबते!

परत निघालो तर मिस्त्री एका पतसंस्थेसमोर उतरले. भिंतीवर एसीची नळी ठिबकत होती. तिच्याखाली धुतलेला कॅन लावून ते उकिडवे बसले. मॅनेजर बाहेर आले.

"मिस्त्री, इथं काहून बसलात?"

"तुमच्या मशीनचा घाम गोळा करतुया."

कारण कळल्यावर मॅनेजर हसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीतही त्यांनी एसी बंद केला नाही. आत कॅशियर उपरणं पांघरून बसला होता. तुरीसाठी थंडी सोसणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पायलटने ते पाणी गाळून घेतलं, म्हणाला, एवढ्या फवारणीपुरतं चालून जाईल. टाकी मिस्त्रींनीच भरली. मिश्रण रेघेला टेकलं. कॅनमध्ये अजून उरलं होतं, आणि त्यांचा हात काही मागे येईना. तेव्हा मागून सून म्हणाली, "मामा, बास. फुगायला जागा ठेवा."

त्यांनी कॅन तिच्या हातात दिला आणि बाजूला झाले. ड्रोन उडाला, आणि अंधार पडेपर्यंत उडतच राहिला.

तूर वाचली. सगळी नाही, पण वाचली. दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक त्यांच्या दाराशी हॉर्न वाजवून पुढे गेला.

तेव्हापासून मिस्त्रींचं बोलणं थोडं लांबलं. "आधी पाणी, मग चावी, अन् फुगायला जागा." बैठकीत दोन सभासद भांडायला लागले की हेच. मी चिडून मिटिंग उरकायला लागलो, तरी हेच: "शेक्रेटरी, माणूसबी तापतो. जागा ठेवा."

मिस्त्री मागच्या उन्हाळ्यात गेले. आता सोसायटीचा स्वतःचा ड्रोन आहे आणि सून तो चालवते. यंदा खंडेनवमीला पूजेसाठी केंद्रात गेलो, तर तिने ड्रोनला झेंडूची माळ घातली आणि हाताची मागची बाजू इंजिनाला टेकवली. शेजारी पाटावर त्यांच्या घरचा कोयताही मांडला होता. कुंकू लावायला मी वाकलो. पात्यावर मागच्या वर्षीचं कुंकू अजून तसंच होतं.