अर्ध्या वयाचे मामा

११ जानेवारी, रविवार, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या सुनेच्या थोरल्या भावाला बालवर्गात बसविले.

निमित्त लग्नपत्रिकेचे. माझी नात मयूरी पुण्यात प्रोग्रामिंग करते; तिचे लग्न ठरले होते. पत्रिकेत कोणाचे नाव कोणाच्या वर, यावरून आमच्या निमोणे गावात सख्खे भाऊ बोलेनासे झाले आहेत. म्हणून मी, निवृत्त गणितशिक्षक या नात्याने, नियम केला: नावे वयानुसार. मयूरीने तसा प्रोग्राम लिहिला. डावीकडे नाव आणि वय टाकायचे, उजवीकडे पत्रिका तयार. दहा वर्षांखालील मुले ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ या ओळीखाली. वयाची जागा रिकामी असेल, तर नावाआधी ‘कै.’ लागून ते थेट आशीर्वादांत. (हा नियम माझा. दिवंगतांना वय नसते, हा युक्तिवाद मला निर्दोष वाटला होता.)

“बटण कोणते दाबायचे?” मी विचारले.

“कोणतंच नाही, आबा. तुम्ही लिहीत जा, उत्तर आपोआप दिसत जातं.”

मी एक अंक टाकला, पत्रिका हलली. खोडला, पुन्हा हलली! चाळीस वर्षे मी मुलांना बजावले की आधी गणित पुरे करा, मग उत्तर लिहा. हे यंत्र अर्ध्या गणितावरच उत्तर देऊन मोकळे होत होते. ते कसे, हे पाहण्यात मी इतका गढलो, की सर्वांना दिसावे म्हणून मयूरीने ते बैठकीतल्या टीव्हीला जोडले आहे, याचा मला विसर पडला.

टीव्हीसमोर मांडवगण फराट्याहून आलेले सोपानमामा बसले होते. मयूरीचे एकुलते एक मामा. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामाच उभा राहतो.

त्यांचे वय अठ्ठावन्न. मी ५ टाकला.

“अठ्ठावन्न नव्हे, एकोणसाठ,” आमची पत्नी आतून म्हणाली.

चुकीचे गणित मी खपवून घेत नाही. वाद सुरू झाला. (तो आठ मिनिटे चालला.) ५ तसाच राहिला.

“आबा,” मामांचा आवाज आला, “मी बारक्या पोरांत व्हय?”

मी मान वळविली. टीव्हीवर चि. पिंकी, चि. सोपान आणि चि. शौर्य सर्वांना आग्रहाचे निमंत्रण देत होते.

मी घाईने ५ खोडला. जागा रिकामी झाली. मामा क्षणात पत्रिकेच्या शिखरावर पोहोचले. ‘कै.’सह!

“अगं बाई! दादा!” सून ओरडली.

मामांनी टोपी चढविली. “आधी बारका केला, मग मारला! आता पोरीच्या मागं ह्यो टीव्हीच उभा करा!”

ते उंबऱ्यापर्यंत गेले. मयूरी आडवी आली. “मामा, तुम्ही नसाल तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही.”

“चूक माझी,” मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून आमच्या पत्नीनेही कधी ऐकले नव्हते.

मामा थबकले. “खरं का? मग मलाबी बघू द्या, ह्ये चालतं कसं.”

ते संगणकापुढे बसले. माझे वय शहात्तर. त्यांनी आधी आपले वय पुरे भरले, मग माझ्या नावापुढे ७ टाकला आणि हात मागे घेतला.

“सुमे, च्या टाक,” ते बहिणीला म्हणाले.

मी टीव्हीवर पाहिले. पिंकी आणि शौर्य यांच्यामध्ये आता मी होतो.

“मामा, सहा राहिला,” मी म्हणालो.

“दिसतंय की, आबा. काय व्हतंय बघू.”

चहा आला. मामांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली आणि एकेक घोट घेत संपविला. आमची पत्नी पदर तोंडाला लावून हसत होती. मयूरीने फोटो काढला.

“आपोआप दिसतं, ह्ये झ्याक हाय,” मामा म्हणाले आणि कपबशी माझ्यापुढे धरली. “बाळ, एवढी ठिऊन ये. तवर सहा टाकतो. आन् लग्नालाबी येतो.”

मी मयूरीकडे पाहिले. मग कपबशी घेतली, मोरीवर नेऊन विसळली आणि मोठ्यांनी सांगितल्याप्रमाणे फळीवर नीट पालथी घातली.