कोरसमधली जागा

निघायच्या दिवशी अख्खी गायन पार्टी अकोल्याच्या आमच्या घरी जमली होती. ढोलकवाले काका, बेंजोवाले मामा, कोरसच्या दोघी मावश्या. पार्टी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांनी पार्टीचा निळा बॅनर घडी करून माझ्या बॅगेत ठेवला. म्हणाले, "तिकडे जयंती कराल तेव्हा लागेल."

कॉलेजपासून लग्नापर्यंत मी त्यांच्या मागे कोरस धरला. नवऱ्याची आयटीतली नोकरी, त्याच्या व्हिसावर मी. इथल्या खेमेंटेत, म्हणजे डच पालिकेत, नाव नोंदवताना बाईंनी विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, काही नाही. त्या उत्तराचा मला अजून राग येतो.

मंडळी, आज माझा पहिला सोलो अल्बम आला. सात पॉप गाणी. सिंथ आहे, ड्रम मशीन आहे, ढोलक नाही. वर नाव माझ्या एकटीचं. वर्षभर तुमच्यापासून लपवलं, कारण पोरीने पार्टी सोडली असं अण्णांना वाटलं असतं तर मला ते सोसलं नसतं.

स्टुडिओ शहराच्या झुइडओस्ट भागात, आमच्या फ्लॅटपासून मेट्रोने दोन स्टेशनं. पहिल्याच दिवशी म्युझिक सुरू झालं, माझी जागा आली आणि मी गप्प. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. रेकॉर्डिस्ट पन्नाशीचा डच गृहस्थ. त्याने शांतपणे विचारलं, "तू कोणाची वाट बघतेस?"

अण्णांची. त्यांनी ओळ म्हणायची, मग आम्ही ती उचलायची. "आधी ऐकायचं, मग उचलायचं," हे त्यांनी आमच्यात इतकं मुरवलं होतं की सात हजार किलोमीटरवरही सुटेना. शेवटी मी प्रत्येक ओळ आधी गुणगुणून रेकॉर्ड केली. तीच हेडफोनमध्ये ऐकून मग गायले. सगळा अल्बम असा झाला.

आज दुपारी धीर करून अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि गाणं ऐकवलं. पहिलं कडवं संपलं तरी चेहरा कोराच. मी फोन ठेवायच्या बेतात होते. तेवढ्यात ध्रुवपद आलं. माझी ओळ संपली आणि अण्णांनी ती खालच्या पट्टीत, कोरससारखी उचलली. उभ्या आयुष्यात मी त्यांना कोणाच्या मागे गाताना ऐकलं नव्हतं.

गाणं संपल्यावर म्हणाले, "मागे कोरस कोणाचा?"

"माझाच, अण्णा."

"सांगायचं ना मग. आम्ही काय मेलो होतो?"

मी हसता हसता रडले. छातीवरचा धोंडा उतरला. बॅनर कपाटातून काढून हॉलमध्ये लावला. अण्णांच्या मागची ती जागा म्हणजे घर, असं मी इतकी वर्षं धरून होते. आज त्या जागेवर अण्णाच येऊन बसले. मग मी भाजी आणायला निघाले आणि सायकलवर पहिली ओळ मोठ्याने म्हटली, कोणाचीही वाट न बघता.