पावती न पाहता

फसवणाऱ्यांची जगात कमतरता नाही, हे मी संत्र्याच्या कलमांच्या धंद्यात वाढल्यामुळे लहानपणीच शिकलो. कलमाचा डोळा, म्हणजे कोंब, एका झाडाचा सांगून दुसऱ्याच झाडाचा बांधला, तर शेतकऱ्याला ते कळतं पाच-सहा वर्षांनी, फळ धरल्यावर. तोवर विकणारा पसार. म्हणून तळेगावात कुणाकडून डोळे आणायचे झाले, तर बाबा आधी त्याच्या बागेत जाऊन मूळ झाड बघून येत.

दोन हजारनंतर मी हट्टाने आमच्या नर्सरीची वेबसाइट काढली. नाव आईचंच दिलं. तिला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पार राजस्थानातून फोन येऊ लागले, तसे बाबाही त्या नावाला जपू लागले.

एके दिवशी पोस्टमनने परदेशी तिकिटाचं पाकीट आणून दिलं. आत बिलासारखा कागद. वेबसाइटच्या नावाची मुदत संपते आहे, ताबडतोब डॉलरमध्ये पैसे भरा, नाहीतर नाव हातचं जाईल. लगेच बँकेत निघालो असतो, पण डॉलरचं काम, बाबांना विचारणं भाग होतं.

त्यांनी कागद उलटापालटा करून पाहिला.

"हे नाव आपन कोनापासून घेतलं होतं?"

"नागपूरच्या कंपनीकडून."

"मंग तिचं नाव याच्यावर काऊन नाई? पावती काढ बरं."

पावती काढली. कागदावरची कंपनी वेगळीच होती, आणि मुदत संपायला अजून पाच महिने होते. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत तर लिहिलंच होतं की हे बिल नव्हे. पैसे भरले असते तर नाव या अनोळखी लोकांच्या ताब्यात गेलं असतं. आयत्या बिळावर नागोबा व्हायला निघाले होते लेकाचे! मी कागद फाडला आणि गावभर माझ्या हुशारीची गोष्ट सांगत फिरलो. त्या गोष्टीत बाबा फारसे नसत.

तेव्हापासून मला जिकडेतिकडे भामटेच दिसू लागले. आर्वीच्या सायबर कॅफेत मेल उघडला की 'मुदत संपत आहे' असं काहीतरी आलेलं असे. "आला पुन्हा!" म्हणून मी ते हसत पुसून टाकलं. एकदा नाही, तीनदा.

मग फोन थांबले. वेबसाइट उघडली, तर तिथे भलत्याच जाहिराती. नागपूरला विचारलं, तेव्हा कळलं की ते तिन्ही मेल त्यांचेच होते आणि नाव आता दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं.

मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं.

"तुह्या मायच्या नावावर आता कोन काय इकून राह्यलं?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "त्या खेपेले पावती पाह्यली, मंग या खेपेले काऊन नाई पाह्यली?"

उत्तर मला माहीत होतं. त्या खेपेला मी त्यांना विचारलं होतं.