मामांची निळी पुस्तकं

माझे मामा दारोदार धर्माची पुस्तकं विकायचे. पुण्य सगळं पिशवीत आणि उरलेल्या अंगात नुसता हट्ट, असं मामीचं मत. दारात उभं राहून ते पुस्तकातला उतारा असा म्हणायचे, की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी ऐकणारी बाई जागची हलायची नाही.

म्हणायचे, वाचायचे नाहीत. त्यांना अक्षरच दिसेनासं झालं होतं. चष्म्याचाही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मामांनी ते पोटात ठेवलं. पुस्तकं देणाऱ्या कचेरीला कळलं तर पिशवी जाणार, मामीला कळलं तर घरी बसावं लागणार. लोकांच्या दारांशिवाय हा माणूस आठवड्यात सुकला असता. म्हणून ते रंगावर चालायचे. निळं पुस्तक दुःखाच्या घरी, पिवळं नव्या जोडप्याला.

मग नव्या आवृत्तीत छापखान्याने रंगांची अदलाबदल केली. मामांना सांगायचं कोणाला सुचणार? कव्हरावर नाव ठळक छापलं होतंच.

बायको नुकतीच गेलेल्या घड्याळवाल्याला मामांनी निळं पुस्तक दिलं. संध्याकाळी पिशवी आवरताना मामीनं विचारलं, "‘नव्या संसारासाठी’ आता निळ्यात आलं वाटतं?"

मामांचं धाबं दणाणलं. एका नव्या नवरीला ‘अंतकाळचा दिलासा’ गेला होता, पण तिची तक्रार आली नाही. तिला पटलं असावं, असं मामी अजून म्हणते. घड्याळवाल्यानं मात्र कचेरी गाठली तर संपलंच. सकाळी मामा त्याच्या दुकानात हजर.

"चुकून भलतंच पुस्तक दिलं, माफ करा. बदलून देतो."

"नाही देणार," घड्याळवाला म्हणाला. "यात लिहिलंय, मनातलं घरात बोलावं, उद्यावर टाकू नये. मी सगळं उद्यावरच टाकत आलो. काल तिच्या फोटोपुढे बसून अख्खं वाचून दाखवलं."

तो उतारा मामा वर्षानुवर्षं पाठ म्हणत आले होते. ऐकला मात्र त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा. तडक घरी आले. मामी भाजी निवडत होती.

"मला अक्षर दिसत नाही," मामा म्हणाले. "बरेच दिवस झाले."

मामीनं मान वर केली नाही. "मी फळीवर चिठ्ठी ठेवून जाते आणि तुम्ही शेजारणीला विचारता, ही गेली कुठे. तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," मामी म्हणाली. "उद्यापासून मी येते बरोबर. पुस्तकाचं नाव मी वाचीन, बोलायचं तुम्ही."